चौथा डबा

चंद्रपूरच्या मे महिन्यात थंडाव्यासाठी माणूस काय काय कारणं शोधतो, हे पाहायचं असेल तर १९८८ साली त्या शिक्षण संस्थेच्या कार्यालयात मागच्या खोलीत जाऊन बसायला हवं होतं. त्या खोलीत कॉम्प्युटर होता. कॉम्प्युटरला उकाडा सोसत नाही म्हणून भिंतीत एसी बसवला होता. माणसांना सोसतो, अशी कार्यालयाची समजूत होती. त्यामुळे दुपार झाली की शिपाई लटारू टेबल पुसायला यायचा आणि एकच टेबल तासभर पुसायचा. कार्यालयाचे प्रमुख वामनराव ठेंगणे कामाची पाहणी करायला यायचे आणि पाहणी करता करता त्यांचे डोळे मिटायचे.

संस्थेच्या चार निवासी शाळा होत्या. चौथी पास झालेल्या मुलांना पाचवीत घ्यायचं, तर त्यासाठी दरवर्षी एक परीक्षा. चंद्रपूर आणि गडचिरोली मिळून बावीस केंद्रं, सहा हजार मुलं, आणि जागा फक्त एकशे वीस. इतक्या मुलांचे गुण जोडायचे, याद्या लावायच्या, म्हणून कॉम्प्युटर.

त्या कॉम्प्युटरमध्ये दोनशे अठरा प्रोग्रॅम होते आणि ते सगळे एकट्या गुणवंतराव निकुऱ्यांनी लिहिलेले. बारा वर्षांपूर्वी इथे कॉम्प्युटर नव्हता, तेव्हा गुणवंतराव छिद्रं पाडलेल्या कार्डांची पेटी मांडीवर घेऊन एसटीनं नागपूरला जात आणि तिथल्या यंत्रावर काम करून आणत. एकदा वरोऱ्याजवळ बस खड्ड्यात आदळली आणि आठशे कार्डं बसभर पसरली. सगळ्या प्रवाशांना कामाला लावून त्यांनी ती क्रमानं लावून घेतली होती. स्वतःच्या लेकरांची नावं हाक मारताना ते कधीमधी चुकायचे. प्रोग्रॅमांची नावं कधीच नाही.

आता या गोष्टीत पुढे काय झालं ते समजायला एक साधी गोष्ट आधी समजून घ्यावी लागेल. घाई नाही.

दोनशे अठरा प्रोग्रॅमांत एक छोटा प्रोग्रॅम होता, त्याचं नाव गुणजोड. त्याचं काम एवढंच की मराठी, गणित आणि परिसर या तीन पेपरांचे गुण घ्यायचे आणि बेरीज करून द्यायची. दुसऱ्या कुठल्याही प्रोग्रॅमला बेरीज हवी असली की तो गुणजोडला हाक मारायचा. हे आश्रमशाळेतल्या स्वयंपाक्यासारखं आहे, असं समजा. स्वयंपाकी आत बसलेला. बाहेरचा माणूस खिडकीच्या फळीवर ओळीनं तीन डबे ठेवतो, तांदूळ, डाळ, मीठ. स्वयंपाकी मान वर करून बघत नाही. तो तीनदा हात घालतो, तीन डबे ओढतो, खिचडी करून देतो. सगळं ठीक.

आता एक दिवस स्वयंपाक्याला सांगितलं, की उद्यापासून चारदा हात घाल, चौथ्या डब्यात हळद असेल. त्यानं मान डोलावली. पण बाहेरच्या एखाद्याला हे सांगायचं राहून गेलं. त्यानं आपले तीनच डबे ठेवले. स्वयंपाकी काय करेल? चौथ्यांदा हात घालेल आणि फळीवर पुढे जे असेल ते ओढेल. कपड्यांचा सोडा असेल तर सोडा. तो बघत नाही, हे तुम्हाला आधीच सांगितलंय.

तर त्या वर्षी चौथा डबा आला. आणला तो ठमाबाईंनी.

ठमाबाई नरोटे या एटापल्लीच्या पलीकडे, जंगलातल्या एका आश्रमशाळेत शिक्षिका. त्यांच्या वर्गातली मुलं घरी माडिया बोलत आणि शाळेत येऊन मराठीशी झटापट करत. तोंडानं सगळं सांगतील, कागद समोर आला की गप्प.

"आमची मंगली पाहा," त्या वामनरावांना म्हणाल्या होत्या. "तिच्या बोलीत इचारलं, पाच कोंबड्यांचे पाय किती, तर पाय सांगतले, वरून पंखबी सांगतले. अन् तेच कागदावर आलं तं पोरगी पेन चावत बसते. थे पेन संपलं यंदा."

दोन वर्षं त्यांनी अर्ज लिहिले. शेवटी संस्थेच्या मंडळानं मान्य केलं, की मुलाच्या स्वतःच्या बोलीत पन्नास गुणांची तोंडी परीक्षा घ्यायची आणि ते गुण निकालात धरायचे. पण अट घातली. निकाल अठ्ठावीस मेला दुपारी बारा वाजता लागलाच पाहिजे आणि त्यात चूक दिसता कामा नये. उशीर झाला किंवा घोळ झाला, तर तोंडीचे गुण सोडून द्यायचे. यंदाही आणि पुढेही.

ठमाबाईंनी सगळ्या केंद्रांवरचे तोंडीच्या गुणांचे कागद गोळा केले आणि लुगड्याच्या तुकड्यात बांधून स्वतः चंद्रपूरला आणले. टपालावर त्यांचा विश्वास नव्हता.

"आता हे त्या पेटीत टाका," त्या म्हणाल्या.

"टाकतो जी," गुणवंतराव म्हणाले. "गुणजोडले सांगतो, तीनच्या जागी चार घे. अन् ज्या ज्या प्रोग्रॅमातून त्याले बोलावतो तिथी तिथी चौथं नाव जोडतो. एका दिवसाचं काम."

कोपऱ्यातल्या टेबलावरून आशा खोब्रागडेनं मान वर केली. ती चोवीस वर्षांची, नागभीडची. तिचे वडील तिथल्या जंक्शनवर रेल्वेचे रूळ बदलणारे पॉइंट्समन होते. नोकरीला लागून तिला सात महिने झाले होते.

"भाऊ, किती ठिकाणावरून बोलावते गुणजोडले?" तिनं विचारलं.

"अडतीस."

"मोजलं काय?"

"मोजायचं कायले? मीच लिहलं ना बाई," गुणवंतराव हसून म्हणाले. "तू जन्मली नसशील तवापासून..." इथे त्यांनी मनात हिशेब केला आणि जरा अडखळले. "बारा वर्षांपासून तं लिहून राह्यलो."

"बारा वर्षांपूर्वी मी सातवीत होती, भाऊ."

"थेच तं म्हणतो. लहान होती."

एका दिवसात त्यांनी खरंच सगळं बदललं. संध्याकाळी पाचला हात झटकले, लटारूला चहा सांगितला आणि दुसऱ्या दिवशी, एकोणीस तारखेला, चाचणीचा निकाल छापायला लावला. प्रिंटर करकरत कागद सोडू लागला. सगळे भोवती जमले. एसी होताच.

पहिल्याच पानावर चैतू नावाच्या मुलाला अडीचशेपैकी आठशे बारा गुण होते.

"हुशार दिसते पोरगा," लटारू म्हणाला.

गुणवंतरावांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की त्यानं फडकं उचललं आणि पुसलेलंच टेबल पुन्हा पुसायला घेतलं.

"एखादी जागा राहिली असन," गुणवंतराव म्हणाले. "अस्सी सापडते."

चैतूची चूक त्यांना लगेच सापडलीही. पण अशी मोठी चूक तशी भली असते, ती स्वतःच ओरडून सांगते. भीती असते ती शहाण्यासारखा चेहरा करून बसलेल्या चुकीची. ती सापडली ठमाबाईंना. केंद्रवार यादी त्या बोट ठेवून वाचत होत्या, वही तपासावी तशी.

"आशाबाई, इकडं या जरा. मंगलीले मी तोंडीत त्रेचाळीस देल्ले. इथी सतरा आहे."

"बघू."

"अन् तिच्या खालच्या पोरालेबी सतरा. अन् त्याच्या खालचीलेबी. एटापल्लीच्या साऱ्या लेकरायले सतराच!" त्यांनी पान उलटलं. "अन् जिवतीवाल्यायले पहा, सब्बन नऊ. काऊन जी गुणवंतभाऊ? डोंगरावर राह्यते म्हणून थंडीनं तोंड उघडलं नाई काय त्यायचं?"

आशानं केंद्रांची यादी काढली. एटापल्लीचा केंद्र क्रमांक सतरा होता. जिवतीचा नऊ.

कपड्यांचा सोडा, दुसरं काय. केंद्रवार यादीचा प्रोग्रॅम गुणवंतरावांच्या आठवणीतून सुटला होता. तो अजून तीनच डबे ठेवत होता. फळीवर पुढे केंद्राचा क्रमांक होता, गुणजोडनं तो तोंडीचे गुण समजून ओढला. सतरा काय, नऊ काय, पन्नासपैकी कुणालाही पडू शकतात. ठमाबाई तिथे नसत्या, तर कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

वामनरावांची झोप उडाली. ते खुर्चीत सरळ बसले.

"नऊ दिवस राहिले," ते म्हणाले. "मंडळानं सांगतलं ते सांगतलं. तोंडी राहू द्या. तीन पेपरांचं जुनं चालू होतं, थेच चालवा. गुणवंतराव, सगळं पहिल्यासारखं करा."

ठमाबाईंनी गुणांचे कागद पुन्हा फडक्यात बांधले. मग ते गाठोडं मांडीवर घेऊन त्या खुर्चीत नीट मागे सरकून बसल्या.

"बाई, तुमची एटापल्लीची बस..." वामनराव म्हणाले.

"उद्याबी आहे बस. परवाबी आहे," ठमाबाई म्हणाल्या. "इथी बेस थंड आहे."

आशा उठून उभी राहिली. "साहेब, सगळं पहिल्यासारखं करायचं, हे बरोबर आहे. आज तेच करतो. पण मंग मले पाच दिवस द्या. चोवीसले झालं नाई, तं तोंडी सोडून द्या."

"एका दिवसात भाऊच्यानं झालं नाई, तं पाच दिवसांत तुह्यानं कसं होइन?"

"एका दिवसात केलं म्हणूनच झालं नाई, साहेब."

गुणवंतरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. वामनरावांनी ठमाबाईंच्या खुर्चीकडे पाहिलं. ती बाई उठणार नाही हे त्यांना दिसत होतं.

"चोवीस," ते म्हणाले. "संध्याकाळपर्यंत."

आशानं आधी सगळं जसंच्या तसं जुनं करून ठेवलं. मग कॉम्प्युटरला सांगितलं, की डिस्कवरच्या सगळ्या प्रोग्रॅमांतून गुणजोड हे नाव शोध आणि जिथे जिथे सापडेल ती जागा छाप. दोन तासांनी कागद निघाला. जागा एकसष्ट, प्रत्येक वेगळ्या प्रोग्रॅमात.

गुणवंतरावांनी कागद वरून खाली वाचला, मग खालून वर.

"हा पस्तीसवाला तं मी एका पावसाळ्यात तापात लिहला होता," ते हळूच म्हणाले. "याची याद कशी राहीन?"

"म्हणून तं कागद, भाऊ."

मग आशानं जे केलं ते पाहून वामनराव बुचकळ्यात पडले. तिनं गुणजोडला चौथा डबा घ्यायला सांगितलंच नाही. त्याच्या शेजारी नवा प्रोग्रॅम लिहिला, गुणजोड-चार. हा चार डबे घेणारा. बेरीज करणं आता त्याचं काम. जुन्या गुणजोडची खिडकी तिनं तशीच उघडी ठेवली, फक्त आत थोडी मांडामांड केली. जुना स्वयंपाकी आता स्वतः शिजवत नव्हता. कुणी तीन डबे ठेवले तर तो ते घ्यायचा, चौथ्या जागी 'तोंडी नाही' असं लिहिलेला रिकामा डबा ठेवायचा आणि चारही शेजारच्या नव्याकडे सरकवायचा. सोड्याला हात जायचा प्रश्नच नाही.

"आणखी एक केलं," आशा म्हणाली. "जुन्या खिडकीवर कोनी आलं, की थो एक रेघ मारते. शेवटी छापून येइन, किती जण जुन्या खिडकीवर आले ते."

"म्हणजे चुगली करते," लटारू म्हणाला.

"हो. चुगलीच."

ठमाबाईंना हे फार आवडलं. "वर्गात अस्सं एक लेकरू असतेच," त्या म्हणाल्या. "साऱ्यायले ते आवडत नाई, पण कामाचं ते."

आता एकसष्ट प्रोग्रॅम एकेक करून नव्या खिडकीकडे वळवायचे. आशाचा नियम असा की एका वेळी एकच. एक बदलायचा, लगेच मागच्या वर्षीचा निकाल त्याच्यावर पुन्हा काढायचा आणि मागच्या वर्षी छापलेल्या कागदाशी ताडून पाहायचा. मागच्या वर्षी तोंडी नव्हतीच, तेव्हा निकाल अक्षर न् अक्षर तोच यायला हवा. आला, तर यादीवर लाल खूण करून पुढचा. नाही आला, तर काय करायचं? कष्ट फार नाहीत, कारण बदललेली जागा एकच असते. चूक तिथेच असणार.

ताडण्याचं काम ठमाबाईंनी आणि लटारूनं घेतलं. लटारू जुना कागद मोठ्यानं वाचायचा, ठमाबाई नव्यावर बोट फिरवायच्या. पहिल्या दिवशी अकरा झाले. दुसऱ्या दिवशी लटारूचा घसा बसला आणि ठमाबाईंनी त्याला ज्येष्ठमध चघळायला दिलं.

"नागभीड, एकशे एकोणपन्नास..."

"नीट वाच लटारू. आकडा आहे थो, आंबा नाई चोखून राह्यला तू."

बाराव्या प्रोग्रॅमला गाडी अडली. निकाल जुळेना. तीन मुलांच्या नावांचा क्रम बदलला होता. आशानं स्वतःचा बदल तीनदा तपासला, ठीक होता. मग तिनं गुणवंतरावांकडे पाहिलं. ते एसीच्या जाळीचं निरीक्षण करत होते.

"भाऊ?"

"लहानसं होतं," गुणवंतराव म्हणाले. "बारा वर्षांपासून मले खुपत होतं. सारखे गुण असले की नावं उलटी लागत. इथी आलोच होतो, तं जाता जाता..."

"चांगलं केलं की वाईट केलं, थे कसं समजन आता? निकाल बदलला, तं थो खिडकीनं बदलला का तुमच्या दुरुस्तीनं?"

"दुरुस्तीनं."

"आज तुमाले माहीत आहे म्हणून."

गुणवंतरावांनी स्वतःच जाऊन आपली दुरुस्ती काढून टाकली. एका कागदावर लिहून ठेवली, 'जूनमध्ये करणे', आणि कागद खिशात घातला. त्यानंतर ते पुढचे प्रोग्रॅम स्वतः वळवू लागले आणि प्रत्येकानंतर शाळकरी मुलानं पाटी दाखवावी तसा निकालाचा कागद ठमाबाईंपुढे करू लागले.

"पहा जी बाई. जुळते काय?"

"जुळते. बसा."

ठमाबाई रात्री बाजारवॉर्डातल्या एका नातेवाइकाकडे राहायच्या आणि सकाळी कार्यालय उघडायच्या आधी पायरीवर हजर असायच्या. त्यांना विचारलं, कंटाळा येत नाही का, तर म्हणाल्या, एका वर्गात चार इयत्ता शिकवणाऱ्या बाईला एका टेबलावर बसून एकच काम करायला मिळालं, ही तिची सुट्टीच.

चोवीसच्या दुपारी एकसष्टावी लाल खूण झाली. ठमाबाईंनी आणलेले तोंडीचे गुण भरून झाले. चाचणी काढली, तर मंगलीला त्रेचाळीस आणि चैतूला एकतीस. जिवतीच्या मुलांची तोंडंही उघडली होती. शेवटी चुगलीची ओळ आली, 'जुनी खिडकी : ०'.

वामनरावांनी समाधानानं मान हलवली. "आता थे जुनं गुणजोड पुसून टाका. डिस्क भरत आली म्हणता ना तुम्ही? अन् दोन-दोन कायले ठेवायचे?"

"निकाल लागेपर्यंत राहू द्या, साहेब," आशा म्हणाली.

"काऊन? एकसष्ट होते, एकसष्ट झाले. गुणवंतराव, खरं ना?"

"एकसष्टच," गुणवंतराव म्हणाले. "पुसलं तं चालते."

"चालते," आशा म्हणाली, "पण मले सापडले तेवढेच मी मोजले, भाऊ. न सापडलेले कसे मोजू? चार दिवसांचा तं सवाल आहे."

वामनरावांना ही अडवणूक वाटली. निकाल छापायला डिस्कवर जागा लागणार होती आणि जागा खरोखरच कमी होती. त्यांनी सांगितलं, की जागा तर करावीच लागेल, काहीतरी पुसावंच लागेल.

आशानं डिस्कवरची यादी काढली. सगळ्यात मोठ्या फायलींमध्ये वरून तिसरी एक होती. तिनं ती वामनरावांपुढे धरली.

ती त्यांच्या मुलीच्या लग्नाच्या पाहुण्यांची यादी होती. गावासकट, नात्यासकट, कोण मांडवात जेवणार आणि कोण घरी, यासकट. लग्न फेब्रुवारीतच झालं होतं.

"हे इथं कुणी टाकलं?" वामनराव म्हणाले.

"तुमीच सांगतलं होतं साहेब," लटारू म्हणाला. "म्हणाले, कॉम्प्युटर रिकामाच बसला आहे."

"पुसा," वामनराव म्हणाले आणि पाहणी संपवून बाहेर उकाड्यात निघून गेले.

सत्तावीस तारखेला सकाळी खरा निकाल काढायला लावला. साडेदहाला याद्या निघाल्या. एकशे वीस नावं, खाली प्रतीक्षा यादी, मग केंद्रवार याद्या. ठमाबाई पानं उलटत होत्या. आणि शेवटच्या पानाच्या तळाशी छापलं गेलं:

जुनी खिडकी : २३

आशानं ती ओळ पुन्हा वाचली.

"तेवीस जण," आशा म्हणाली. "चोवीसच्या चाचणीत एकबी नव्हता. हे आले कुठून?"

गुणवंतराव खुर्चीवर बसले. त्यांच्या कपाळावर घाम होता आणि त्या खोलीत कपाळावर घाम येणं ही सोपी गोष्ट नव्हती.

"सिरोंचा," ते म्हणाले.

सिरोंच्याकडची तेवीस मुलं तेलुगूतून पेपर लिहायची. ते पेपर तपासायला वेगळीकडे जायचे आणि गुण सगळ्यांच्या शेवटी यायचे. म्हणून गुणवंतरावांनी फार वर्षांपूर्वी त्यांच्यासाठी वेगळा प्रोग्रॅम लिहिला होता. वर्षातून एकदाच लागतो, डिस्कवर कशाला गर्दी, म्हणून तो ते फ्लॉपीवर ठेवत. फ्लॉपी त्यांच्या टेबलाच्या खणात, पानाच्या डब्याखाली. दरवर्षी खऱ्या निकालाच्या दिवशी ते ती घालायचे, काम झालं की काढून ठेवायचे. मागच्या वर्षीच्या त्या मुलांच्या बेरजा डिस्कवर तयारच होत्या, म्हणून ताडताना काही खटकलं नव्हतं. आज सकाळीही त्यांनी ती घातली होती. घातली, हेही त्यांना आता आठवलं. दुकान उघडताना आपण कुलूप काढलं हे जसं दुकानदाराला आठवत नाही, तसं.

"तुमी मले सांगतलं नाई, भाऊ," आशा म्हणाली.

"मले वाटलंच नाई की थो प्रोग्रॅम आहे," गुणवंतराव म्हणाले. "मले वाटे, थो माह्या हातच आहे."

ठमाबाईंनी सिरोंच्याची यादी समोर ओढली. तेवीसच्या तेवीस मुलांपुढे तोंडीच्या रकान्यात छापलं होतं, 'नाही'. त्यांच्या गाठोड्यात मात्र तेवीसही जणांचे गुण होते. तिथल्या गुरुजींनी तेलुगूत आणि गोंडीत परीक्षा घेऊन पाठवलेले.

"जुनी खिडकी पुसली असती तं?" त्यांनी विचारलं.

"त्या फ्लॉपीवरच्या प्रोग्रॅमनं हाक मारली असती अन् इथी कोनीच नसतं," आशा म्हणाली. "यंत्र अर्ध्यात बंद पडलं असतं. उद्या मंडळ यायचं, अन् आज यादीच निघाली नसती."

वामनराव दारात उभे होते. ते केव्हा आले, कुणी पाहिलं नव्हतं. "आता?" त्यांनी विचारलं.

"आता एक राहिलेला प्रोग्रॅम वळवायचा. बासष्टावा," आशा म्हणाली. "मागच्या वर्षीच्या सिरोंच्याच्या निकालाशी ताडायचा. जुळला, तं पुन्हा निकाल काढायचा. दुपारपर्यंत होते."

गुणवंतराव उठले. "मी करतो," ते म्हणाले. "तू ताड."

त्यांनी दोन ओळी बदलल्या. त्या दोन ओळींना त्यांनी वीस मिनिटं घेतली. आयुष्यात एवढ्या हळू त्यांनी काही लिहिलं नसेल. लटारूनं बसलेल्या घशानं जुनी यादी वाचली, ठमाबाईंनी बोट फिरवलं, तेवीसही जुळले. पावणेतीनला पुन्हा निकाल निघाला. तळाशी 'जुनी खिडकी : ०'.

ठमाबाईंनी पहिली यादी हातात घेतली आणि एक ते एकशे वीस नावं सावकाश वाचली. सिरोंच्याची सोमारी नावाची मुलगी एकशे आठव्या जागी होती. सकाळच्या यादीत ती कुठेच नव्हती. मंगलीचं नाव ठमाबाईंना सापडलं नाही. त्यांनी पान उलटलं. प्रतीक्षा यादीत चौथी.

"दोन गुणांनं," आशा हळूच म्हणाली. तिनं आधीच पाहिलं होतं.

ठमाबाईंनी मंगलीचे चारही आकडे आपल्या कागदाशी ताडले. मग बेरीज बोटांवर केली. मग पुन्हा एकदा केली.

"यात चूक नाई?" त्यांनी विचारलं.

"नाई, बाई."

"चूक असती, तं मी भांडली असती."

"माहीत आहे."

"मंगलीले सांगीन मी," ठमाबाई म्हणाल्या. "म्हणीन, तू बोलली थे सगळं धरलं. पेन मात्र कमी चाव." त्यांनी कागद गुंडाळले. "एकशे विसातले चौघं आले नाई, तं हिचा नंबर लागते. दरसाली चार-पाच लेकरं तं येतच नाईत. कोनाची माय सोडत नाई, कोनाले घरची याद येते."

अठ्ठावीसला सकाळी मंडळाची माणसं आली. याद्या पाहिल्या, दोन-चार मुलांची बेरीज स्वतः करून पाहिली. त्यांच्यापैकी एकानं तोंडीच्या रकान्यावर बोट ठेवून म्हटलं, की हे असंच चालू राहू द्या. बाराला दहा मिनिटं कमी असताना वामनरावांनी सही केली. पेन खाली ठेवलं आणि समोर उभ्या असलेल्या तिघांकडे आणि खुर्चीत बसलेल्या ठमाबाईंकडे पाहिलं.

"झालं," ते म्हणाले. "आता मेहरबानी करा अन् पुढच्या साली पाचवा रकाना आणू नका."

"इचार तं होता साहेब," ठमाबाई म्हणाल्या. "आमची लेकरं बेस नाचतात."

गुणवंतराव एकदम खोकू लागले आणि लटारू त्यांच्यासाठी पाणी आणायला पळाला. आशानं टेबलावरची लाल पेन्सिल उचलली.

"किती गुणांचं ठेवायचं, बाई?" तिनं विचारलं.